पहिली फुलबाजी पेटवण्याआधी

फटाक्यांची हौस असेल तर सुरुवात फुलबाजी आणि भुईचक्रापासून करावी. फुलबाजीला मात्र लहान मुलांचं खेळणं समजू नये. तिचं जळतं टोक १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं आणि विझून काळी पडलेली तारही कातडी भाजते. म्हणून जळून झालेली प्रत्येक तार थेट पाण्याच्या बादलीत टाकावी. अंगणात फेकलेल्या तारेवर अनवाणी पाय पडायला वेळ लागत नाही.

भुईचक्र असो वा भुईनळा, तो मोकळ्या, सपाट जागी ठेवावा. लांब उदबत्तीने, हात पूर्ण लांब करून, तोंड बाजूला ठेवून वात पेटवावी आणि लगेच मागे सरावं. वात पेटूनही काहीच झालं नाही, तर तोच खरा धोक्याचा क्षण. वाकून बघू नका, पुन्हा पेटवू नका. बराच वेळ थांबा आणि लांबूनच पाणी ओता. कपडे सुती, अंगाबरोबर बसणारे हवेत. ओढणी, नायलॉन नकोच.

घरी दारू कालवणं तर सर्वस्वी टाळावं. क्लोरेट आणि गंधकाचं मिश्रण नुसत्या घर्षणानेही पेटतं. भारतात त्यावर १९९२ पासून बंदी आहे. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावं. टूथपेस्ट, हळद मुळीच लावू नये.