मनिलाच्या विजयाची खिशातली घड्याळं

१ मे १८९८ रोजी अमेरिकेच्या जॉर्ज ड्यूई यांच्या आरमाराने फिलिपिन्समधल्या मनिला उपसागरात स्पेनच्या युद्धनौका काही तासांत निकामी केल्या. बातमी अमेरिकेत पोचली आणि ड्यूई यांचं वेडच लागलं. बशा, चमचे, बिल्ले निघाले आणि खिशातली घड्याळंही. मागच्या झाकणावर ड्यूई यांचा चेहरा, त्यांची 'ऑलिंपिया' किंवा आधी हवानाच्या बंदरात स्फोटात बुडालेली 'मेन' ही युद्धनौका असे.

नक्षी बहुधा ठशाने उठवलेली. शंभरहून अधिक वर्षं खिशात घासून नाक, भुवया, खांद्यावरची हुद्द्याची चिन्हं गुळगुळीत होतात, खोलगट भागात मात्र रेषा शाबूत राहतात. भिंगाखाली ही असमान झीज फार सुंदर दिसते, आणि माझ्या मते अशा घड्याळाची खरी किंमत तिच्यातच आहे. सगळीकडे सारखीच धारदार नक्षी असेल तर सावध व्हावं.

त्या काळी अमेरिकेत डबी आणि आतलं मशीन अनेकदा वेगवेगळ्या कारखान्यांतून येई. दुकानदार दोन्ही जोडून देई. त्यामुळे झाकणावरच्या सालावर विसंबू नये. एल्गिन किंवा वॉल्थमचं मशीन असेल तर त्यावरच्या क्रमांकावरून बनावटीचा अंदाजे काळ कळतो. डबीच्या आतल्या कडेवर स्क्रूच्या जास्तीच्या खुणा दिसल्या, तर मशीन नंतर बदललेलं असण्याची दाट शक्यता.

म्हणून पैसे देण्याआधी मागचं झाकण उघडून दाखवायला जरूर सांगा.