मोटारीचा रंग : स्वस्त कोणता, महाग कोणता?

म्हैसूरहून कोडगूकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी हुणसूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात येथे सरकारी चर्मशाळा आणि लाकडाची वखार होती, गाड्याही बनत. त्या गाड्या लाकडाच्या असत. त्याच रस्त्याने आज धावणाऱ्या मोटारींचा पोलादी पत्रा बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. पश्चिमेकडून येणारा पाऊस त्याला गंज चढवितो आणि पठारावरील ऊन वरच्या रंगाची भुकटी करते. पत्रा आणि गंज ह्यांच्यामध्ये रंगाचा पातळ पापुद्रा एवढाच काय तो अडसर असतो. म्हणून जुन्या गाडीस स्वतःच्या हाताने, थोड्या खर्चात रंग देऊ पाहणाऱ्याने प्रथम हे जाणून घ्यावे, की रंग वाळतो म्हणजे नेमके काय होते.

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात. रंगद्रव्य छटा देते, राळ पापुद्रा बनविते आणि द्रावक, म्हणजे थिनर, हे मिश्रण पातळ ठेवते. रंगाचा टिकाऊपणा मुख्यतः राळेवर अवलंबून असतो. राळ तीन रीतींनी घट्ट होते, आणि ह्या तीन रीती म्हणजेच बाजारातील तीन प्रकारचे रंग होत.

पहिली रीत केवळ बाष्पीभवनाची. द्रावक उडून गेला की राळ मागे उरते. लाखेचे रोगण असेच वाळते. म्हैसूर संस्थानच्या जंगलांतील लाखेचा उपयोग करण्यासाठी महाराज कृष्णराज वडियार चौथे ह्यांच्या काळी १९३७ मध्ये म्हैसूर येथे लाख व रंगांचा कारखाना निघाला. मतदाराच्या बोटावर लावली जाणारी शाई १९६२ पासून पुरविणारा तो हाच. मोटारीसाठी मात्र लाखेऐवजी नायट्रोसेल्युलोज वापरतात. अमेरिकेत १९२३ मध्ये ‘ड्युको’ ह्या नावाने असे लॅकर आले आणि रंग वाळविण्यास लागणारा दीर्घ काळ एकदम कमी झाला. ते लवकर वाळते, त्यावर धूळ कमी बसते आणि चूक झाल्यास घासून पुन्हा मारता येते. परंतु त्याचा पापुद्रा पातळ बसतो व उन्हापावसात लवकर निस्तेज होतो.

दुसरी रीत प्राणवायूची. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. तेल आणि कृत्रिम राळ ह्यांच्या संयोगाने बनलेले अल्किड एनॅमल, ज्याला दुकानदार ‘सिंथेटिक’ म्हणतात, ह्याच तत्त्वावर वाळते. ते स्वस्त व चकचकीत असते. पण पूर्ण कठीण होण्यास कित्येक दिवस घेते.

तिसरी रीत रासायनिक संयोगाची. रंग आणि हार्डनर असे दोन डबे ऐन वेळी मिसळावयाचे. दोहोंच्या संयोगाने पॉलियुरेथेनचे घट्ट जाळे विणले जाते. हे रसायन ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत १९३७ मध्ये शोधले. तिन्हींत टिकाऊ हेच.

आता हिशेब पाहू. समजा, गाडीचे बाह्य क्षेत्रफळ १० चौरस मीटर आहे आणि वाळलेला थर ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, हवा आहे. त्यासाठी अर्धा लिटर घनभाग पत्र्यावर उरला पाहिजे. फवारताना निम्मा रंग हवेत वाया जातो असे धरले, तर एक लिटर घनभाग लागेल. फवारण्याजोग्या एनॅमलमध्ये घनभाग ४० टक्के असेल, तर अडीच लिटर पुरेल. लॅकरमध्ये तो साडेबारा टक्केच असेल, तर आठ लिटर लागतील. म्हणून डब्यावरील लिटरचा भाव पाहून फसू नये. घनभागाचे प्रमाण विचारावे आणि थिनर, अस्तर, पुट्टी व पॉलिशपेपर ह्यांचा खर्च त्यात मिळवावा.

परंतु एक किंमत कोणत्याही पावतीवर येत नाही. दोन डब्यांच्या रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गाची संयुगे असतात. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतील वायू ह्याच कुळातला. हार्डनरमधील संयुगे त्यापेक्षा पुष्कळच कमी उडून जाणारी असतात. पण फवाऱ्याने त्यांचे धुके झाले की ती थेट फुप्फुसात जातात. त्यांमुळे दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प मात्राही झटका आणते. धोकादायक प्रमाणातही त्यांचा वास येईलच असे नाही. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा खात्याच्या मते वाहने रंगविणाऱ्यांना दम्याचा धोका इतर कामकऱ्यांच्या सुमारे ८० पट असतो. तोंडाला रुमाल बांधणे येथे सर्वथा निरुपयोगी होय. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंदिस्त खोली नसेल, तर हा रंग घरी फवारू नये. उरलेले दोन प्रकारही निरुपद्रवी नव्हेत. त्यांची वाफ विषारी व ज्वालाग्राही असते. म्हणून काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर आणि योग्य गाळणीचा मुखवटा लावूनच करावे.

रंग निवडण्यापूर्वी गाडीवर आधी कोणता रंग आहे हे ओळखावे. आडजागी थिनरचे फडके घासावे. रंग विरघळून फडक्यास लागला, तर तो लॅकर. सुरकुतला, तर हवेत वाळलेला एनॅमल. काहीच झाले नाही, तर भट्टीत भाजलेला किंवा दोन डब्यांचा. एनॅमलवर लॅकर मारल्यास तीव्र थिनरने खालचा थर उचलला जातो व सारे श्रम व्यर्थ होतात. कारखान्यातला मूळ थर घट्ट असेल, तर तो खरवडू नये. सर्वांत स्वस्त अस्तर तेच. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो कोरडा न घासता पाण्याने घासावा.

हंगामही पाहावा. लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो, आणि पावसाळी हवेतील बाष्प त्यावर साचून पांढरट झाक येते. हुणसूरसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील कोरडे, निवांत दिवस ह्यासाठी उत्तम. छटा बदलावयाची असल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी. आणि सैन्याचा ऑलिव्ह हिरवा रंग खाजगी वाहनास देता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

सारांश, घरी काम करणाऱ्याने एनॅमल किंवा लॅकर निवडावे. पॉलियुरेथेनच हवे असेल, तर गंज काढणे, पुट्टी भरणे व घासणे ही वेळखाऊ कामे स्वतः करावीत आणि शेवटचे हात तेवढे सुसज्ज कारागिराकडून मारून घ्यावेत. मजुरीचा मोठा भाग त्यातच वाचतो. पत्रा गंजला तर बदलता येतो. फुप्फुसास दुसरे अस्तर देता येत नाही.