बेटकुळी येते कुठून?

कोपर काटकोनात वाकवा आणि तळहात पालथा ठेवा. दुसऱ्या हाताने दंड चाचपा. आता कोपर न हलवता तळहात उताणा करा. बोटांखाली बेटकुळी टरारून वर येईल. दंडाच्या पुढचा हा स्नायू, म्हणजे जिमवाल्यांचा बायसेप्स, कोपर तर दुमडतोच, शिवाय तळहात उताणा करायचं कामही त्याच्याकडे असतं. कारण त्याचं खालचं टोक अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला चिकटलेलं आहे. चित्रातल्या योद्ध्याचा तळहात पालथा आणि बेटकुळी मात्र पूर्ण फुगलेली दिसली की समजावं, चित्रकाराने स्नायू पाठ केलेत, पण ते कशाला ओढतात हे पाहिलेलं नाही.

टॅब्लेटवर काढलेला माझा पहिला भीम असाच होता. छातीपासून पोटरीपर्यंत मी एकही स्नायू सोडला नव्हता, आणि सगळे एकाच वेळी ताठ. खरं तर बायसेप्स आखडतो तेव्हा मागचा ट्रायसेप्स सैल सुटतो. दोघांनी सारखाच जोर लावला तर हात जागचा हलणारच नाही. सगळं अंग आवळून उभा राहतो तो शरीरसौष्ठव स्पर्धेतला गडी, परीक्षकांसमोर, अंगाला तेल चोपडून. गदा फिरवणाऱ्या भीमाला ती चैन परवडत नाही. लिओनार्दो दा विंचीने अशा चित्रकारांची थट्टा केली होती: त्यांनी काढलेली उघडी शरीरं अक्रोडाच्या पोत्यासारखी दिसतात म्हणे. माझा भीम बटाट्याचं पोतं होता.

नवी मुंबईत राहणाऱ्याला ही उपमा शोधायला लांब जावं लागत नाही. वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटात, पोतीही आहेत आणि ती उचलणारी माणसंही. 50 किलोचं पोतं पाठीवर घेऊन चालणारा माथाडी नीट बघा. सिक्स पॅक शोधू नका. मान जाड, मानेपासून खांद्यापर्यंतचा उतार भरलेला, मनगटं रुंद, पोटऱ्या घट्ट. आणि कंबर चांगली जाड. ओझं पेलायला कंबर अशीच लागते; कोल्हापूरच्या तालमीतल्या मल्लाचीही तशीच असते. पोटावरचे चौकोन दिसायचे तर चरबी उतरवावी लागते, आणि तो प्रश्न ताकदीपेक्षा ताटाचा अधिक. आपल्या मुलांना बलदंड माणूस काढायला सांगितला की ती पहिल्यांदा ते चौकोनच आखतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

माथाड्याकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट तोलाची. पोतं पाठीवर आलं की धड पुढे झुकतं. माणूस आणि पोतं मिळून जो भार होतो त्याच्या मध्यातून ओळंबा सोडला, तर तो पावलांच्या आसपासच पडला पाहिजे. नाहीतर माणूस आपटेल. चित्रात हा ओळंबा चुकला, तर वरचे स्नायू कितीही रेखीव असोत, ओझं थर्माकोलचं वाटतं.

म्हणून टॅब्लेटवर सुरुवात स्नायूंनी करायचीच नाही. पहिल्या लेयरवर डोक्यापासून टाचेपर्यंत एकच झुकलेली रेष. दुसऱ्यावर छातीचा पिंजरा अंड्यासारखा आणि कमरेचं हाड खोक्यासारखं, दोन्ही एकमेकांशी थोडे तिरपे. हे फिकट करून तिसऱ्या लेयरवर स्नायू: ओढणारे एका रंगात, सैल सुटलेले दुसऱ्या रंगात. हा दोन रंगांचा लेयर शेवटी पुसलाच जातो, पण माझं निम्मं काम तिथे होतं. मग चित्र आरशातल्यासारखं उलटं करून बघायचं. डोळ्यांना सवयीने दिसेनाशा झालेल्या चुका लगेच समोर येतात. कागदावर काढणारे यासाठी खरोखरच आरसा धरत.

टॅब्लेटचे सापळेही आहेत. डावी बाजू काढली की उजवी आपोआप उमटवणारं साधन वापरलं, की योद्धा लाकडी ठकी होतो. आणि चौपट मोठं करून एकेक तंतू रंगवत बसलं, की तासभराने चित्र पुन्हा लहान केल्यावर छातीवर पुरळ उठल्यासारखं दिसतं.

प्रमाणांचं म्हणाल, तर साधारण माणूस साडेसात डोक्यांएवढा उंच धरतात आणि नायकाला आठ-साडेआठ देतात. डोकं लहान केलं की खांदे आपोआप थोराड दिसतात. आपल्या शिल्पशास्त्रातही असाच हिशेब आहे, फक्त माप तालाचं: ताल म्हणजे 12 अंगुळं, आणि नवताल मूर्ती 108 अंगुळांची. पण बळ दाखवायची तिथली रीत वेगळी. उरण तालुक्यातल्या घारापुरीच्या मुख्य लेण्यात लिंगाच्या गाभाऱ्याला चार दारं आहेत आणि प्रत्येक दाराशी दोन द्वारपाल. आठही धिप्पाड, आणि एकाच्याही पोटावर चौकोन नाहीत. रुंद खांदे, आत गेलेली कंबर, श्वास भरून घेतल्यासारखी छाती. अवनींद्रनाथ टागोरांनी 1914 मध्ये भारतीय शरीररचनेवरच्या निबंधात ही रीत उलगडून दाखवली: धड गोमुखासारखं, खांदे गजमस्तकासारखे, मांडी केळीच्या खांबासारखी. स्नायू मोजण्याऐवजी आकार ठरवायचा. आजचे डिजिटल चित्रकार पात्राची नुसती काळी सावली भरून ओळख पटते का ते बघतात, त्याचं मूळ तत्त्व हेच.

मग छाया. प्रकाश एकाच दिशेने धरायचा आणि सगळी सावली एकाच ‘मल्टिप्लाय’ लेयरवर सपाट भरायची. स्नायू जिथे एकदम वळतो तिथे सावलीची कड धारदार, जिथे सावकाश वळतो तिथे मऊ. सगळीकडे एअरब्रश फिरवला की रबरी बाहुला तयार. अमर चित्र कथेसाठी काम केलेल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांनी 1986 साली राज कॉमिक्ससाठी नागराज हा खवलेदार अंगाचा सुपरहिरो रेखाटला, तो काळ्या शाईच्या रेषांचा जमाना. एअरब्रशच्या मऊ छटांची सोयच तिथे नव्हती. दंड गोल दिसायचा तर रेषेनेच तो गोल करावा लागे. खवले दंडाच्या वळणाबरोबर वळले, तरच तो दंड. आज मी स्नायू बसेना की सगळे रंग बंद करतो आणि आधी रेषेत तो बसतो का ते बघतो.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर महागड्या पेनाची घाई नको. क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साधी वहीसुद्धा चालते. सकाळी लवकर मार्केटात जा, आणि कुणाचं चित्र किंवा फोटो काढण्याआधी त्याला विचारा. फक्त वाटेत उभे राहू नका. पाठीवर 50 किलो घेतलेल्या माणसाला मध्येच थांबता येत नाही.