‘लागणे’ आणि कन्नडभाषिक विद्यार्थी

हिंडलग्याच्या परिसरात मराठी आणि कन्नड एकाच गल्लीत नांदतात. कन्नड घरातील मूल मराठी शिकताना ज्या क्रियापदापाशी हमखास अडखळते, ते ‘लागणे’ होय. आग लागते, ठेच लागते, भूक लागते, वेळ लागतो, पैसे लागतात. एखादी बाई नात्याने मावशीही लागते.

‘चिकटणे, स्पर्श होणे’ हा याचा मूळ अर्थ. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडातील ‘हत्तु’ हे क्रियापद त्याच्या बरेच जवळचे. ‘बेंकि हत्तितु’ म्हणजे आग लागली. ‘अवनु बरेयलिक्के हत्तिद’ म्हणजे तो लिहू लागला. येथवर मुलाची वाट सोपी असते. भूक मात्र कन्नडात ‘लागत’ नाही, ‘होते’: ‘ननगे हसिवायितु’.

खरी अडचण सक्तीच्या अर्थाची. ‘त्याला लिहावे लागले’ यासाठी कन्नडात ‘अवनु बरेयबेकायितु’ असे म्हणतात. तेथे ‘अवनु’, म्हणजे ‘तो’, प्रथमेतच राहतो. मराठीत तो चतुर्थीत जातो. म्हणूनच मूल ‘तो लिहावे लागला’ असे लिहून जाते. हा निष्काळजीपणा नव्हे. मातृभाषेचा नियम त्याने प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

तेव्हा शिक्षकांनी अर्थांची यादी पाठ करवून घेऊ नये. ‘तो लिहू लागला’ आणि ‘त्याला लिहावे लागले’ ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहावीत. पहिल्यात आरंभ, दुसऱ्यात सक्ती. हा भेद कर्त्याच्या विभक्तीवरून आणि ‘लिहू’, ‘लिहावे’ या रूपांवरून मुलास ओळखू द्यावा. गुण त्यानंतर द्यावेत.