सामाजिक अभियांत्रिकी आणि संस्थांची संगणक सुरक्षा

सामाजिक अभियांत्रिकी म्हणजे माणसाचा विश्वास संपादन करून त्याच्याकडून गोपनीय माहिती काढून घेणे होय. २००५ मध्ये पुण्यातील एम्फसिस कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकेतील चार ग्राहकांकडून गोड बोलून पिन क्रमांक मिळविले व सुमारे साडेतीन लाख डॉलर वळविले, असा आरोप होता. खरा पिन हाती आल्यावर संगणकप्रणाली फोडण्याची गरज उरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पतसंस्था व महाविद्यालयांतही पुष्कळसे काम ओळखीवर चालते. प्राचार्यांच्या नावे फोनवर संकेतशब्द मागितला गेल्यास लिपिकास नकार देणे अवघड जाते. म्हणून संकेतशब्द कोणासही न सांगणे, नोंदीतील क्रमांकावर उलट फोन करून खात्री करणे आणि रक्कम वर्ग करण्यास दोघांची मान्यता घेणे, हे नियम लेखी असावेत. नियमानुसार नकार देणाऱ्या कर्मचाऱ्यास संस्थेने पाठबळ दिले, तरच ते पाळले जातील.