वसई पाहायची तर बावखलापासून

वसई म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक चिमाजीअप्पांनी जिंकलेला किल्ला आणि दुसरी विरार लोकलची गर्दी. अलीकडे तिसरीची भर पडली आहे, ती म्हणजे रविवारची सहल. सकाळी यायचं, समुद्रावर भिजायचं, जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं. मी वसईगावाजवळच्या सांडोरचा. पाहुण्यांना वसई दाखवण्याची कामगिरी माझ्याकडे नेहमीच येते. ‘काय काय पाहायचं?’ असं कुणी विचारलं, की मी त्यांना आधी एखाद्या बावखलाच्या काठावर नेतो.

बावखल हा शब्द वसईबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. वाडीत, म्हणजे आमच्या बागायतीत, माणसांनी खोदलेलं तळं म्हणजे बावखल. वरून पाहिलं तर साधा खड्डा. काठावर माड, केळी, पाण्यात चार मासे आणि एखादा खंड्या दबा धरून बसलेला. पण अवघी वसई या खड्ड्याने तोलून धरली आहे, असं मी म्हणालो तर ती अतिशयोक्ती समजू नका.

वसईच्या दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. तिन्ही बाजूंनी खारं पाणी असताना मधल्या पट्ट्यात केळी, फुलं, भाजीपाला आणि विड्याची पानं पिकत आली, ती कशी? इथली जमीन रेताड. पावसाचं पाणी तिच्यात झटकन मुरतं आणि खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं असतं. शास्त्रज्ञांचा ठोकताळा असा, की समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी साठलं, तर त्याच्या खाली साधारण ४० फुटांपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो. हिशेब उलटाही चालतो. उपसा वाढून वरचं पाणी १ फुटाने उतरलं, की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पटीने वर चढू लागतं. बावखल पावसाळाभर पाणी धरून ठेवतं, ते हळूहळू जमिनीत सोडतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. आमच्या पूर्वजांना हा हिशेब कुणी कागदावर मांडून दिला नव्हता. त्यांनी तो कुदळीने मांडला.

हे एकदा लक्षात आलं, की बाकीची वसई आपोआप उलगडत जाते. किल्ल्याचंच घ्या. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून तहाने वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि पुढे दोनशे वर्षं त्यांनी इथे नांदतं शहर उभारलं. बंदर, सागवान आणि ही पिकती जमीन पाहूनच ते इथे रमले. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतला. भीमाशंकर, मेणवली, नाशिकचं नारोशंकर इथल्या देवळांतल्या मोठ्या घंटा वसईच्या मोहिमेतल्या म्हणून ओळखल्या जातात. पेशवाईला इंग्रजांच्या दावणीला बांधणारा १८०२ चा तहही वसईचाच. भग्न चर्चच्या कमानींखाली फोटो जरूर काढा, पण तिथल्या विहिरींमध्येही डोकावून पाहा.

उत्तरेला अर्नाळ्याचा किल्ला आहे. किनाऱ्यावरून होडीने थोड्याच वेळात बेटावर पोहोचता येतं. चहूकडे समुद्र असताना त्या किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे. सकाळी वाचलेला बावखलाचा धडा तिथे दुपारी पुन्हा वाचायला मिळतो.

गोडं पाणी जिथे, तिथे माणसं येऊन राहणारच. वसईत ती किती तऱ्हेची आहेत पाहा! किल्लाबंदर, पाचूबंदर, अर्नाळा इथले कोळी, वाडीतले वाडवळ, भंडारी, आगरी, सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती, मुसलमान आणि डोंगराकडचे वारली. गिरीज, गास, नंदाखालकडे गेलात तर ख्रिस्ती घरांतून कादोडी बोली कानावर येईल. ती ऐकून मराठी माणूस आधी बुचकळ्यात पडतो आणि मग एकेक शब्द ओळखीचा लागला की हसतो. निर्मळला शंकराचार्यांचं देऊळ आहे आणि त्याच गावात होली क्रॉस चर्चही. कार्तिकातल्या तिथल्या यात्रेत खरेदी करताना कोण कुठल्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत हुतात्मा झालेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया हे वसईचेच सुपुत्र. उन्हाळ्यात आलात तर राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी चाखा. ती करणारी घरं आता थोडीच उरली आहेत.

निसर्ग आणि साहस हवं असेल तर पूर्वेला तुंगारेश्वरचं अभयारण्य आहे. २००३ मध्ये घोषित झालेलं हे जंगल सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं आहे. पावसाळ्यात तिथले ओढे-धबधबे सुंदर दिसतात, पण पाणी अचानक वाढतं. प्रवेशबंदीची पाटी असेल तर मागे फिरावं. भुईगाव, रानगाव, राजोडी, कळंबचे किनारे सुरूच्या सावलीचे, सपाट आणि शांत. हा सपाटपणा फसवा आहे. ओहोटीला दूरवर गेलेलं पाणी भरतीला पाहता पाहता मागून वेढा घालतं. दरवर्षी इथे कुणाचं तरी पोर बुडतं. पाण्यात उतरण्याआधी एखाद्या कोळीदादाला भरतीची वेळ विचारा. आणि इथलं रान अजून जितंजागतं आहे, हेही ध्यानात असू द्या. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या आला होता, तो काही आठवड्यांनी पिंजऱ्यात सापडला.

आता थोडी दुखरी गोष्ट. शहर वाढलं तशी वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागू लागले. दिवसरात्र उपसा झाला आणि अनेक विहिरींच्या पाण्याला खारट चव आली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने मोठं आंदोलन उभारलं. फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. टँकरांच्या जोडीला भराव आला. एकेक बावखल बुजत गेलं. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होतं. पाण्याच्या मुरायच्या आणि वाहायच्या जागा आपण बुजवल्या, तर ते घरात शिरणार नाही तर जाणार कुठे? आमच्या वाडीलगतचं बावखल अजून शाबूत आहे. ते सामाईक आहे. बुजवून जागा मोकळी करावी, असं म्हणणारे वाटेकरी आमच्यातही आहेत. दर पावसाळ्याआधी त्यावरून बैठक बसते आणि दरवेळी ते थोडक्यात वाचतं.

पाहुण्यांना हे कशाला सांगायचं, असं वाटेल. त्याचं उत्तर नालासोपाऱ्यात मिळतं. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखलं जाणारं टेकाड १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरलं, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आला. या आठव्या लेखाचा विषय आहे प्रवास! पूर्वीचे राजे शिकारीच्या, करमणुकीच्या विहारयात्रा करत. अशोकाने त्या सोडल्या आणि धर्मयात्रा सुरू केल्या. त्यात साधूंना दान देणं, वृद्धांना भेटणं आणि गावोगावच्या लोकांशी बोलणं होतं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी प्रवास कसा करावा हे ज्या भूमीत दगडावर कोरलं गेलं, त्या भूमीत आपण सहलीला येतो.

तेव्हा वसईला जरूर या. किल्ला पाहा, लाटा अंगावर घ्या, सुकेळी घेऊन जा. पण तासभर वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासाठी राखून ठेवा. ‘तुमचं बावखल कुठे आहे?’ एवढंच त्याला विचारा. तो कौतुकाने दाखवायला नेईल. आणि बाहेरची माणसं हे पाहायला येतात असं कळलं, की ते बुजवायला निघालेला हातही पुढच्या बैठकीत जरा अडखळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)