नैराश्य : लक्षणे ओळखा, वेळीच उपचार घ्या



"कशातच मन लागत नाही", "डोके जड झाले आहे", "अंगात त्राणच उरले नाही", "फार टेन्शन आहे" अशी वाक्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावात सहज कानावर पडतात. "मला नैराश्याचा आजार झाला आहे", असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. आजाराचे खरे नाव ठाऊक नसले, की त्याला भलतीच नावे मिळतात. कर्त्या पुरुषाला तो झाला तर लोक आळस म्हणतात, सुनेला झाला तर नखरे म्हणतात, वृद्धाला झाला तर म्हातारपण म्हणून सोडून देतात. काही केल्या उतार पडला नाही, तर करणी, नजर किंवा बाहेरची बाधा असा निष्कर्ष काढला जातो.

याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा प्रसिद्ध दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते आणि सर्व धर्मांचे लोक दूरदूरहून येतात. मानसिक त्रास असलेल्या अनेकांना त्यांचे नातेवाईक मोठ्या आशेने तेथे घेऊन जातात. या लोकांना हसणे किंवा दोष देणे योग्य नाही. आपल्या माणसाला बरे वाटावे म्हणून ते पदरचे पैसे खर्चून प्रवास करतात, यात प्रेमच आहे. शिवाय ही गोष्ट एकाच धर्माची नाही. भगताकडे, मांत्रिकाकडे किंवा एखाद्या आरोग्यदान प्रार्थनासभेकडे धाव घेणारी कुटुंबे ख्रिस्ती समाजातही आहेत. प्रश्न प्रार्थनेचा नाही. प्रार्थनास्थळी जाताना दवाखान्याची वाट चुकते आणि महिने, कधी वर्षे वाया जातात, हा खरा प्रश्न आहे.

दुःख आणि नैराश्य यांतील भेद

जवळचे माणूस गेले, पीक बुडाले, लग्न मोडले तर दुःख होणारच. ते निरोगी मनाचे लक्षण आहे. अशा दुःखातही माणूस अधूनमधून हसतो, नातवाला मांडीवर घेतो, चार लोकांत बसल्यावर त्याला थोडे हलके वाटते. काळ जातो तसे दुःख ओसरत जाते.

नैराश्य या आजारात असे होत नाही. मन उदास राहते किंवा कशातच गोडी वाटत नाही, आणि ही अवस्था दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ दररोज, किमान दोन आठवडे टिकते. तिच्यासोबत पुढीलपैकी काही लक्षणे दिसतात :

१. झोप न लागणे, पहाटे फार लवकर जाग येणे, किंवा उलट सारखे झोपून राहावेसे वाटणे.
२. भूक मंदावणे व वजन घटणे. काहींच्या बाबतीत खाणे वाढणे.
३. विश्रांती घेऊनही थकवा न जाणे, हालचाली मंदावणे किंवा उगाच अस्वस्थ येरझारा घालणे.
४. लक्ष न लागणे, साधे निर्णयही घेता न येणे.
५. "मी निरुपयोगी आहे, सगळ्यांवर भार आहे" असे वाटणे, लहानशा चुकीबद्दलही मनाला टोचणी लागणे.
६. पुढे काही चांगले होईल ही आशाच न उरणे.
७. मरणाचे किंवा जीवन संपविण्याचे विचार येणे.

या लक्षणांमुळे शेती, नोकरी, अभ्यास वा घरकाम यांत अडथळा येऊ लागला, की डॉक्टरांची भेट घ्यावी. सगळी लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये.

घरच्या घरी विचारता येतील असे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा नेहमीच्या आवडीच्या गोष्टीत रस वाटेनासा झाला आहे का? या काळात मन उदास किंवा हताश राहिले आहे का? बहुतेक दिवस असे होत असेल, तर तपासणी अवश्य करावी. या दोन प्रश्नांनी निदान होत नाही. पण दवाखान्याची पायरी चढण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

आजार शरीराचे सोंग घेऊन येतो

आपल्याकडे मनाची व्यथा बोलण्याची सवय नाही. त्यामुळे रुग्ण पाठदुखी, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या, छातीत धडधड किंवा अंगदुखी सांगतो. सलाइन लावले जाते, ताकदीच्या गोळ्या दिल्या जातात, चार दिवस बरे वाटते आणि त्रास परत सुरू होतो. अशी तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल आणि तपासण्यांत काही सापडत नसेल, तर डॉक्टरांना झोप, भूक आणि मनःस्थिती यांविषयी आपण होऊन सांगावे. थायरॉईडचे विकार, रक्तक्षय व काही जीवनसत्त्वांची कमतरता यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून शारीरिक तपासणीही आवश्यक असते.

पुरुषांमध्ये नैराश्य अनेकदा चिडचिड व दारूच्या रूपाने दिसते. बाळंतपणानंतर काही आठवडे किंवा महिने रडणारी, बाळाकडे पाहावेसे न वाटणारी आई ही वाईट आई नसते. तिलाही हा आजार असू शकतो. मुले सर्व बाहेरगावी असलेल्या वृद्धांकडेही लक्ष द्यावे.

कर्ज गोळीने फिटत नाही. मग उपचार कशाला?

विदर्भात हा प्रश्न रास्तच आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्यासह बुलढाणाही होता. कापूस व सोयाबीनचा भाव, पावसाची बेभरवशाची साथ आणि डोक्यावरचे कर्ज ही संकटे खरी आहेत आणि त्यांची उत्तरे शासनाने व समाजाने शोधलीच पाहिजेत. शेतकऱ्याच्या प्रत्येक हालअपेष्टेला आजार म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

परंतु एकाच गावात, सारखेच कर्ज असलेल्या दोघांपैकी एक जण मार्ग शोधतो आणि दुसऱ्याला मार्गच दिसेनासा होतो, असेही घडते. नैराश्य मार्ग दिसण्याची ही शक्तीच हिरावून घेते. उपचाराने कर्ज फिटत नाही. मात्र बँकेत जाण्याचे, भावाशी बोलण्याचे, पुढच्या हंगामाचा विचार करण्याचे बळ परत येते.

हे शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. तेथील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याविषयी बोलणे सुरू केले, रुग्णांना समुपदेशन दिले आणि गरजूंना डॉक्टरांपर्यंत पोहोचविले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण आधी अवघे ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. जीवन संपविण्याचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

उपचार काय असतात?

उपचाराचे दोन प्रमुख मार्ग आहेत : समुपदेशन आणि औषधे. सौम्य आजारात बहुधा समुपदेशन पुरते. मध्यम व तीव्र आजारात औषधांचा किंवा दोन्हींचा उपयोग होतो.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. रुग्णाचे ऐकून घेणे, त्याची सुटलेली कामे व भेटीगाठी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करून देणे आणि अडचणींचे तुकडे करून एकेक सोडविणे असे त्याचे स्वरूप असते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने प्रशिक्षित केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी, ज्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती, तीव्र नैराश्याच्या रुग्णांना असे समुपदेशन दिले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

औषधांविषयी गैरसमज फार आहेत. नैराश्यावरील आजची औषधे व्यसन लावणारी नाहीत आणि त्या झोपेच्या गोळ्याही नव्हेत. त्यांचा गुण येण्यास साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. सुरुवातीला मळमळ, पित्त किंवा अस्वस्थता जाणवू शकते. अनेक रुग्ण नेमके याच टप्प्यावर "औषध लागू पडत नाही" म्हणून सोडून देतात. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे, एकदम बंद करू नये. तरुण रुग्णांकडे पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेची गरजच न भासण्याचे दिवस येऊन गेले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यानुसार उपचार बदलतात. औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणे हा उपचार नव्हे.

"नागपूरच्या मनोरुग्णालयात पाठवतील" ही भीतीही अनाठायी आहे. नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना कोठेही दाखल व्हावे लागत नाही. ते घरी राहून, आपले काम करीत बरे होतात.

कोठे जावे?

गावातील आशा सेविकेला विचारण्यात संकोच करू नये. २०१५ साली राज्य शासनाने बुलढाण्यासह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तेव्हा घरोघरी जाऊन तणावग्रस्तांचा शोध घेण्याचे काम आशा सेविकांकडेच सोपविले होते. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर पुढील मार्ग दाखवितात. बुलढाणा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात. घरबसल्या बोलायचे असेल तर केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तेथे मराठीत बोलता येते.

श्रद्धा कमी पडली म्हणून हा आजार होतो का?

नाही. मधुमेह जसा श्रद्धेच्या अभावामुळे होत नाही, तसेच हे आहे. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला रागावले नाही. त्याला झोपू दिले, भाकर व पाणी दिले आणि पुढच्या वाटेला लावले. बेनसिराच्या ग्रंथातील ३८ व्या अध्यायात आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, असे दोन्ही सांगितले आहे. संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन हे १८८९ पासून सुमारे तीन वर्षे फ्रान्समधील काँ येथील मनोरुग्णालयात होते. २०१५ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही, वयाच्या ४२ व्या वर्षी आपण काही महिने एका मनोविश्लेषक महिलेकडे जात होतो, हे २०१७ साली मोकळेपणाने सांगितले होते.

म्हणून रुग्णाला "जपमाळ कर म्हणजे बरे वाटेल, गोळ्या टाकून दे" असा सल्ला कोणीही देऊ नये. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर व डॉक्टर एकत्र येऊन 'दवा आणि दुआ' दोन्ही देतात. आपल्या धर्मग्रामांतही प्रार्थना आणि औषध असेच हातात हात घालून चालावेत.

घरच्यांनी काय करावे?

"मन घट्ट कर", "तुला काय कमी आहे?", "दुसऱ्यांकडे बघ" ही वाक्ये टाळावीत. रुग्ण आधीच स्वतःला दोष देत असतो. त्याच्याजवळ बसावे, ऐकावे, जेवणाची व औषधाची वेळ सांभाळावी, पहिल्या भेटीला त्याच्यासोबत जावे. दारूपासून त्याला दूर ठेवावे. मोठे व्यवहार, जमिनीची विक्री असे निर्णय तो बरा होईपर्यंत पुढे ढकलावेत.

जीवन संपविण्याचा विचार मनात येतो का, असे शांतपणे व स्पष्ट विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा समज चुकीचा आहे. उलट मन मोकळे होते. उत्तर होकारार्थी आले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, शेतीची फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. याच कायद्याने मानसिक रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे.

ज्या घरांतून कोणी असे निघून गेले आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. १९१७ च्या धर्मविधीसंहितेत अशा व्यक्तीला ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही. तीव्र मानसिक व्यथेमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये, अशी ख्रिस्तसभेची १९९२ पासूनच्या धर्मशिक्षणग्रंथातील शिकवण आहे. या कुटुंबांकडे बोट दाखविणारे शेजारी ही शिकवण विसरतात.

वाचकहो, या आठवड्यात आपल्या घरातील, गल्लीतील, मिस्सेला येणे अचानक थांबविलेल्या एखाद्या व्यक्तीची आठवण करा. तिच्या घरी जा, वरचे दोन प्रश्न आपुलकीने विचारा आणि गरज वाटल्यास दवाखान्यापर्यंत तिच्यासोबत चला.